त्रेसष्ट सह्या

अकरा वर्षं मी लष्कराच्या भाकऱ्या भाजल्या. कोणी सांगितलं होतं म्हणून विचाराल, तर प्राचार्यांनी. कॉलेजात लागून मला जेमतेम महिना झाला होता. सर म्हणाले, "तुम्ही मराठीच्या, तुमचं शुद्धलेखन चांगलं, तेव्हा परिसर वार्ता तुमच्याकडे." नवीन माणूस कुठल्याही कामाला मान डोलावतो, तशी मी डोलावली आणि ते लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

परिसर वार्ता म्हणजे आमच्या भिवंडीच्या कॉलेजचं बातमीपत्र. महिन्याला एक पाठपोट कागद, फक्त प्राध्यापकांसाठी आणि ऑफिसच्या लोकांसाठी. पोरांचा त्याच्याशी संबंध नाही. कोण कुठल्या चर्चासत्राला जाऊन आलं, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणाचा वाढदिवस, कोण निवृत्त झालं, कोणासाठी दोन मिनिटं उभं राहायचं आहे, कुठल्या शनिवारी मीटिंग आहे, असला सगळा मसाला. पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा संदेश, फोटोसकट. साहेबांची वळ गावात गोदामं आहेत. एकदा त्यांनी संदेशात 'हे महाविद्यालय म्हणजे ज्ञानाचे गोदाम आहे' असं लिहून पाठवलं. मी गोदामाचं भांडार केलं, तर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून झापलं. "मजकूर येतो तसा छापायचा. तुम्ही फक्त टाईप करा, अक्कल चालवू नका." बरं, म्हटलं. तेव्हापासून आला तसा छापते.

हा कागद निघायचं कारणही ऐका. कॉलेजचा दर्जा तपासायला नॅकची समिती येते तेव्हा 'कर्मचाऱ्यांशी संवाद' असा एक मुद्दा असतो, त्याला पुरावा लागतो. कागद हा पुरावा झाला. पण तो लोकांनी वाचला याला पुरावा काय? म्हणून वही आली. लाल पुठ्ठ्याची, लांबलचक. डाव्या पानावर बातमीपत्र नाहीतर रोजची एखादी सूचना चिकटवायची, उजव्या पानावर सगळ्यांची नावं आणि पुढे 'मिळाले व वाचले' असा रकाना. आमचे शिपाई लडकूमामा ती वही काखेत मारून वर्गावर्गातून फिरतात. मास्तर शिकवत असला की दारात उभे राहतात, मास्तर एका हातात खडू घेऊन दुसऱ्या हाताने सही ठोकतो, मामा पुढच्या वर्गावर. एकेक वही चार महिन्यांत भरते.

आता माझं काय, ते सांगते. मी नेत्रा तरे, राहणार खारबाव. नेट झालेली, पीएच.डी. झालेली, आणि अकरा वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच मोबदला, उन्हाळ्यात घरी बसा आणि जूनमध्ये पुन्हा नवीन असल्यासारखा अर्ज घेऊन या. आमच्या विभागाचे जुने सर निवृत्त झाले, त्यांची जागा कोणी भरली नाही, त्या रिकाम्या जागेवरचे तास मी घेत आले. यंदा सरकारने ती जागा भरायला परवानगी दिली. एकच जागा. ती मला मिळाली तर मी कायमची, दुसऱ्या कोणाला मिळाली तर माझे सगळे तास त्या माणसाकडे जाणार आणि मी घरी. मधलं काही नव्हतं.

घरी सगळ्यांना हे माहीत होतं. माझा नवरा कुमार गोदामात सुपरवायझर आहे, शिफ्ट संपवून आला की विचारायचा, तारीख लागली का. सासूबाई, आनंदीबाई, त्या तर देवाला नवस बोलून बसल्या होत्या. "औंदा तरी व्हशील ना गो परमनंट? का मी गेल्याव व्हशील?" मी म्हणायची, आई, होईन. मला तसं वाटतही होतं. पोरं माझ्या तासाला बसतात, निकाल चांगला लागतो, अंबाडीकडून एसटीने येणाऱ्या पोरी माझ्या तासासाठी लवकरची गाडी पकडतात. या गोष्टींना किंमत असते असं मला तेव्हा वाटत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी हेडक्लार्क हरेश भोईर यांनी मला नेहमीसारखं खाकी पाकीट दिलं. आमच्याकडे बातम्या घडायच्या आधीच लिहून तयार असतात, हे तुम्हाला माहीत हवं. वृक्षारोपण उत्साहात पार पडलं हे आम्ही रोपं गेटातून आत यायच्या आधी छापलेलं आहे. मान्यवरांनी मार्गदर्शन केलं हे तर मान्यवर ठरायच्याही आधी. त्यात ऑक्टोबरात दिवाळीची सुट्टी येते आणि हरेशभाऊ तिच्या चार दिवस आधीच रजेवर सुटतात. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर, दोन्ही अंकांचा मजकूर ते सप्टेंबरातच तयार ठेवतात. दरवर्षी दोन पाकिटं करतात, एक देतात, दुसरं टेबलाच्या खणात. या खेपेला गडबडीत त्यांनी दोन्ही महिन्यांचे कागद एकाच पाकिटात कोंबले.

मी लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून टाईप करत होते. 'मराठी विषयाच्या सहायक प्राध्यापकपदासाठी दि. १६ ऑक्टोबर रोजी मुलाखती होतील,' हे टाईप केलं. स्वतःच्याच मुलाखतीची बातमी टाईप करताना जरा गंमत वाटली. मग दोन वाढदिवस, एक निवृत्ती, एक चर्चासत्र. आणि त्याच्याखाली हा कागद.

'हार्दिक स्वागत. महाविद्यालयाच्या मराठी विभागात सहायक प्राध्यापकपदी डॉ. रुचिका मढवी यांची निवड समितीने एकमताने निवड केली. त्यांच्या रूपाने विभागास एक अभ्यासू व्यक्तिमत्त्व लाभले आहे. परिसर वार्ता परिवारातर्फे शुभेच्छा.' पाकिटातल्या पेनड्राइव्हमध्ये फोटोही होता. निळी साडी, हसरा चेहरा.

रुचिका मढवी म्हणजे अध्यक्षसाहेबांच्या मेहुण्याची सून. मुलगी वाईट नाही, नेट आहे, पीएच.डी. आहे, खोटं का बोलू. पण मुलाखतीला सतरा दिवस बाकी होते. लग्नाआधीच बारशाची आमंत्रणं छापून तयार, आणि ती छापायची कोणी, तर मी. 'परिसर वार्ता परिवारातर्फे' म्हणजे माझ्यातर्फे. परिवारात दुसरं होतं कोण?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कागद तसाच हरेशभाऊंच्या तोंडावर नेऊन मारावा असं वाटलं. उठलेही. मग पुन्हा बसले. मारून काय होणार होतं? ते म्हणणार, अरे बापरे, द्या इकडे, चुकून आला. कागद खणात जाणार, मुलाखत सोळालाच होणार आणि मला चहा देऊन घरी पाठवणार. पुरावा गेला की मी ओरडणारी एक बाई, एवढंच उरणार.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला सरांचा उपदेश आवडला. मजकूर येतो तसा छापायचा, अक्कल चालवायची नाही. मी अक्कल चालवली नाही. पुढच्या पानावर मुलाखतीची बातमी, मागच्या पानावर निवडीची, निळ्या साडीसकट. अगदी मनासारखी चौकट केली. वाढदिवसांच्या वर, ठळक अक्षरात.

तीन ऑक्टोबरला अंक निघाला. मी हिशेब केला होता, दुपारच्या चहापर्यंत बोंब होईल. स्टाफरूममध्ये कोणीतरी ओरडेल, अरे हे काय, मुलाखत व्हायचीय अजून. प्राध्यापक संघटनेचे लोक उठतील, विद्यापीठाला पत्र जाईल, मुलाखती रद्द होतील, पुन्हा नीट होतील. मी काही बोलायचीच गरज नाही, कागदच बोलेल.

लडकूमामा वही घेऊन निघाले. पहिली सही प्राचार्यांची. मी केबिनच्या काचेतून बघत होते. सरांनी फोन कानाला लावलेला, डाव्या हाताने वही सरकवली, उजव्या हाताने सही केली, वही परत दिली. 

स्टाफरूममध्ये आमचे क्रीडाशिक्षक दीपेश केणे वडापाव खात होते. त्यांनी अंक उलटा केला आणि वडापाव त्यावर ठेवला, बरोबर निळ्या साडीवर. मामांनी वही पुढे केली. दीपेशसरांनी करंगळी आणि अंगठ्यात पेन धरून सही केली, तेल लागू नये म्हणून. मला म्हणाले, "अंक छान झालाय हां मॅडम." मी म्हटलं, "काय आवडलं?" म्हणाले, "एकूणच." मग चटणी सांडली ती त्यांनी अंकानेच पुसली.

हबीबा बुबेरे माझ्या शेजारी बसते. भूगोलाची, कायमची, भिवंडीतलीच, घरचे लूम आहेत. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो, तिची बिर्याणी मी आणि माझ्या तांदळाच्या भाकऱ्या ती. तिने सही केली, अंक घडी करून पर्समध्ये टाकला. "अगं, घरी नीट वाचते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "वाचलास का अंक?" म्हणाली, "हो गं, मस्त." आणि मुलीच्या क्लासचं काहीतरी सांगू लागली.

संध्याकाळपर्यंत त्रेसष्ट सह्या झाल्या. माझी धरून नाही, माझी सोडून. मी तीन-तीनदा मोजल्या. प्राचार्य, उपप्राचार्य, अठ्ठावीस कायम प्राध्यापक, बाकी माझ्यासारखे तासावरचे आणि ऑफिसचे. सगळ्यांना मिळाले, सगळ्यांनी वाचले. एकाच्याही तोंडून शब्द नाही. चार दिवस गेले, आठ गेले. मला आधी वाटलं, लोक घाबरले असतील, मूग गिळून बसले असतील. मग कळलं, घाबरायला आधी वाचावं लागतं. या लोकांनी पेपर तपासून पोरांना नापास केलेलं आहे, 'प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिले' असा शेरा मारून.

एकटे लडकूमामा दहाव्या दिवशी माझ्याकडे आले. मी जिना उतरत होते. इकडेतिकडे बघून म्हणाले, "बाय, मागल्या पानाव छापलंय त्ये खरं हाय का? मुलाखत तं अजून झाली न्हाय ना?"

म्हणजे एकाने तरी वाचलं होतं. पण मला मामांनी विचारून काय उपयोग होता, मला प्राध्यापकांनी विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही यात पडू नका." ते बिचारे बरं म्हणून गेले. त्यांना बसवून दोन शब्द सांगावे, एवढंही मला सुचलं नाही.

सोळा ऑक्टोबर उजाडला. आम्ही पाच उमेदवार. रुचिका मढवी माझ्या बाजूला बसली होती, खरोखरच निळ्या साडीत. मला म्हणाली, "मॅडम, मला खूप भीती वाटतेय." मी मनात म्हटलं, तुला कसली गं भीती. पण ती फाईल पुन्हा पुन्हा उघडून कागद तपासत होती. तिला बहुतेक काही ठाऊक नव्हतं. मोठ्यांनी परस्पर केलेलं लग्न ते, नवरीला कोण विचारतं.

माझा नंबर शेवटचा लागला. आत अध्यक्षसाहेब, प्राचार्य आणि विद्यापीठाकडून तज्ज्ञ म्हणून आलेल्या डॉ. निशा घाटे. साठीच्या बाई, सुती साडी, समोर गुणांचा तक्ता. बाईंनी मला अर्धा तास झोडपलं, आणि मी खोटं सांगत नाही, मी एकही प्रश्न सोडला नाही. शेवटी बाई हसल्या. मग फाईल चाळत म्हणाल्या, "अकरा वर्षं शिकवताय म्हणता, अनुभवाचा दाखला कुठे आहे?"

"दाखला ऑफिसने दिला नाही. नेमणुकीची पत्रं जोडलीयेत, दर वर्षाची."

"पत्रं चालत नाहीत. नियमात कॉलेजचा दाखला लागतो. अनुभवाला दहा गुण आहेत."

"आम्हाला कोणी सांगितलंच नाही, बाई," मी म्हटलं. हाही त्यांचाच डाव असणार, मला खात्री होती. मग मात्र माझा संयम सुटला. मी पर्समधून अंक काढला आणि बाईंच्या समोर उलटा ठेवला. "दहा गुणांचं सोडा. हे वाचा. तीन तारखेला छापलंय, आज सोळा आहे."

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. अध्यक्षसाहेब खिडकीतून बाहेर बघू लागले. बाई सरांना म्हणाल्या, "हे काय आहे?"

"टायपिंगमध्ये काही गडबड दिसते," सर म्हणाले. "संपादक मॅडमच आहेत, तुम्ही त्यांनाच विचारा."

"मजकूर ऑफिसचा आहे," मी म्हटलं. "मूळ कागद माझ्याकडे आहे. आणि हा अंक वाचल्याची पहिली सही सरांची आहे. वही मागवा."

बाईंनी वही मागवली. लडकूमामा घेऊन आले आणि दाराशी थांबले. बाईंनी सरांच्या सहीवर बोट ठेवलं. सर घसा खाकरून म्हणाले, "बाई, दिवसाला चाळीस कागद येतात." अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अंग चोरून बसलेलं बघितलं, आणि मला बरं वाटलं. का वाटू नये? घाटेबाई म्हणाल्या, हे असं पुढे जाणार नाही, जेवणानंतर हेडक्लार्कला बोलवा, स्टाफमधले दोघे बोलवा, मी स्वतः विचारते. त्याशिवाय मी निकालाच्या कागदावर सही करणार नाही.

जेवायला मी बाहेर गेलेच नाही, पाणी पिऊन पॅसेजमध्ये बसले. कुमारला फोन करून सांगितलं की काम होतंय बहुतेक. तो म्हणाला, "खरंच?" मी म्हटलं, "बाई चांगली आहे."

अडीच वाजता सगळे जमले. हरेशभाऊ आले ते हातात पाच कागद घेऊन. म्हणाले, "बाई, गैरसमज झालाय. आमची पद्धत आहे, सगळ्याच उमेदवारांचा स्वागताचा मजकूर आम्ही आधी करून ठेवतो. निवड होईल त्याचा छापतो. मॅडमकडे चुकून एक आधी गेला." आणि पाचही कागद त्यांनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. कागद अजून कोमट असतील, प्रिंटरमधून काढून तास झाला नसेल.

त्यातला एक माझा होता. 'सहायक प्राध्यापकपदी डॉ. नेत्रा तरे यांची निवड समितीने एकमताने निवड केली. त्यांच्या रूपाने विभागास एक अभ्यासू व्यक्तिमत्त्व लाभले आहे.' खोटारडा मेला, जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने ते लिहिलं होतं. तरी मी ते वाचतच राहिले. या कॉलेजात माझ्याबद्दल एवढं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं, आणि रडू यायला लागलं म्हणून मी नजर वळवली.

घाटेबाई काही दूधखुळ्या नव्हत्या. त्यांनी हरेशभाऊंना कागद परत दिले आणि दीपेशसरांकडे वळल्या. "तुम्ही ही बातमी तीन तारखेला वाचलीत. तुम्हाला काही वाटलं नाही?"

"बाई, मी सही केली," दीपेशसर म्हणाले. "वाचलं असं नाही."

"आणि तुम्ही?"

हबीबा माझ्याकडे बघेना. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "मीपण नाही वाचलं." मग तिलाच राहवलं नाही. "नेत्रा, खरं सांगू का, तू अकरा वर्षं लिहितेस, मी एकदाही वाचलं नाही गं. तू विचारायचीस तेव्हा मस्त म्हणायचे. तुला वाईट वाटू नये म्हणून."

तिने कट केला असता, तिला कोणी धमकावलं असतं, तर मी सहन केलं असतं. हे सहन झालं नाही. मी उभी राहिले. जे तोंडाला आलं ते बोलले. म्हटलं, त्रेसष्ट माणसं, सगळी शिकलेली, कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, पगार शिकवण्याचा घेता आणि एक पाठपोट कागद वाचवत नाही? वाचल्याची सही ठोकता? एका माणसाने वाचलं असतं तरी आज ही वेळ आली नसती. सही करण्याआधी वाचावं हे पहिलीच्या पोरालाही सांगावं लागत नाही. तुमच्या या सह्यांनी माझा गळा कापलाय, अध्यक्षसाहेबांनी नाही.

 हबीबा रडत होती. घाटेबाई मान डोलावत होत्या, त्यांना माझं पटत होतं, मला दिसत होतं.

मग सर हळूच म्हणाले, "मॅडमनी वाचण्याचा विषय काढलाच आहे, तर एक दाखवतो." त्यांनी वही जवळ ओढली आणि मागची पानं उलटायला लागले. सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. नऊ जुलैच्या पानावर थांबून त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. "वाचा ना मॅडम. मोठ्याने वाचा."

मी वर्गात वाचते तशी वाचायला लागले. "सूचना. मराठी विषयाचे रिक्त पद भरण्याची कार्यवाही सुरू होत आहे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर काम केलेल्या अध्यापकांनी अनुभवाच्या दाखल्यासाठी एकतीस जुलैपर्यंत कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा. मुदतीनंतर दाखला दिला जाणार नाही." उजव्या पानावर नावं होती. एक्केचाळिसावं नाव नेत्रा तरे, पुढे 'मिळाले व वाचले'च्या रकान्यात माझी सही. शेपटी लांब ओढलेली, माझी असते तशी.

मला तो दिवस आठवला. दुसऱ्या वर्षाचा तास चालू होता, फळा अर्धा भरला होता, दारात मामा आले. म्हणाले होते, "बाय, ही तुमच्या कामाची हाय, वाचून घ्या." आणि मी म्हटलं होतं, "मामा, तास चालू आहे, द्या लवकर." त्यांनी वही धरली, मी सही केली, आणि फळ्याकडे वळले. त्यांनी नंतर पुन्हा काही सांगितलं असतं, पण मी आमच्यातल्याच बाकी सगळ्यांसारखी त्यांना वही धरायचा माणूस समजत होते.

मी मान वर केली तेव्हा लडकूमामा दारातच होते. ते जमिनीकडे बघत होते.

"सही तुमचीच ना?" घाटेबाईंनी विचारलं.

"हो."

"मग यात ऑफिसची चूक मला म्हणता येणार नाही." बाईंचा आवाज मऊ होता, तो कडक असता तर बरं झालं असतं. त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. मुलाखतीत मला सगळ्यात जास्त गुण होते. पण पदव्या आणि संशोधनाचे गुण धरून रुचिका मढवी एकूणात माझ्यापुढे चार गुणांनी होती. अनुभवाचा माझा रकाना रिकामा होता. "दाखला असता तर मी इथे दहा लिहिले असते," बाई म्हणाल्या. "आणि अध्यक्षांशी भांडून तुमची निवड करून दाखवली असती. मग अंकात कोणाचंही नाव छापलेलं असो." त्यांनी त्या रकान्यात शून्य लिहिलं.

यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. अध्यक्षसाहेबांनी मला पाडायची सगळी तयारी केली होती, आणि त्यातलं काहीच त्यांना वापरावं लागलं नाही.

बाईंनी चौकशीचं इतिवृत्त हाताने लिहिलं, पानभर. ते टेबलावरून फिरलं. सरांनी सही केली, साहेबांनी केली, हरेशभाऊंनी केली, दीपेशसरांनी केली. हबीबाने डोळे पुसून केली. कोणी वाचलं नाही. शेवटी कागद माझ्यापुढे आला. मी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. सगळे ताटकळत बसले होते. त्यात एकही चूक नव्हती. मी सही केली.